पट्टीतला ऑक्टोबर

ऑक्टोबर अर्धा सरला की ब्रिस्टलमध्ये एक दिवस असा येतो, की सकाळी बसस्टॉपवर उभं राहिल्याबरोबर माझ्या दोन्ही कानांमागची कातडी आवळते. दुखत नाही. कुणी मागून दोन बोटांनी हलकेच चिमटीत धरावं, तसं वाटतं. लोकांना थंडीची वर्दी टीव्हीवरचा हवामानवाला देतो; मला माझे कान देतात. त्या संध्याकाळी मी घरी येऊन वर्षातलं पहिलं हीटिंग लावतो, जाड कोट बाहेर काढतो, आणि पुढचे काही दिवस कामधंदा करता करता मनाने एका जुन्या ऑक्टोबरमध्ये ये-जा करत राहतो.

दोन हजारच्या दशकाचा तो मध्य असेल. मी तिशी ओलांडली होती. विमानांच्या भागांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत नोकरी होती, टेकडीच्या उतारावर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत आमचं भाड्याचं घर होतं, लग्न होऊन थोडी वर्षं झाली होती. नागपूरहून आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. आणि त्या ऑक्टोबरमध्ये मी माझ्या दोन्ही कानांचं ऑपरेशन करून घेतलं.

ऐकण्यात काही दोष नव्हता. कान बाहेर आलेले होते, ते मागे बसवून घेतले, एवढंच. इथे त्याला ‘पिन करणं’ म्हणतात, साडीचा पदर पिन करावा तसं. मराठीत काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्याकडे नाक बसकं असो, दात पुढे असोत, कान सुपाएवढे असोत, देवाने दिलं ते पदरात घ्यायचं आणि वर त्यावरून आयुष्यभर नाव ठेवून घ्यायचं, अशी एकूण रीत.

माझं नाव सुपकान्या होतं. शाळेत मिलिंद म्हणून हाक फक्त हजेरीला यायची. गणिताच्या सरांना माझा कान धरायला फार सोपा जाई. सकाळच्या शाळेत खिडकीशी बसलो की उन्हाने माझे कान लालभडक होत, आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी ‘दिवे लागले’ म्हणून ओरडे. या सगळ्याचं फार दुःख केलं असं नाही. नागपुरात प्रत्येकाचं काहीतरी असतंच. लुकड्या होता, बोबड्या होता, एक तर चक्क ‘पोस्टाची पेटी’ होता. मी त्यांच्यातला एक.

मला डाचे ती वेगळी गोष्ट. आमच्या घरच्या अल्बममध्ये माझ्या लहानपणीचा एकही फोटो उघड्या कानांचा नव्हता. प्रत्येकात टोपडं, कुंची, नाहीतर कानटोपी. आमच्या गच्चीवरचा एक फोटो तर उघड उघड मे महिन्यातला. बाबांच्या अंगात बनियन, मागे वाळ्याची ताटी लावलेली खिडकी, आणि वर्षाचा मी लोकरीची कानटोपी घालून घामाघूम. पुढे शाळेत गेल्यावर आई न्हाव्याला बजावायची, “कानांवरचे केस राहू दे हो.” मी मनाशी एक अर्थ लावून टाकला होता. आईला माझ्या कानांची लाज वाटते. तिला तसं कधी विचारलं नाही. ज्या वयात असले प्रश्न विचारायचे असतात त्या वयात ते सुचत नाहीत, आणि सुचतात तेव्हा आपण दुसऱ्या देशात असतो.

ऑपरेशनचं कारण मात्र आई नव्हती. कारण होतं टक्कल. बाबांच्या घराण्याचं ते वतन माझ्याकडे लवकर चालत आलं. जोवर केस होते तोवर कानांवर पांघरूण होतं. ते विरळ व्हायला लागल्यावर आरशात दिवसेंदिवस कानच उरायला लागले. अनघा, माझी बायको, म्हणाली, “मला तुझे कान आवडतात. पण तुला आवडत नसतील तर माझ्या आवडण्याचा काय उपयोग?” ती सरळ बोलते. मग कन्सल्टंट डॉक्टरला भेटलो. त्याने माझा कान पुस्तकाचं पान उलटावं तसा मागेपुढे करून पाहिला आणि सांगितलं, की कानाच्या आत एक घडी असते, ती तुमच्यात पडलेलीच नाही. आम्ही ती पाडून देऊ. इतक्या वर्षांची चिडवाचिडवी एका न पडलेल्या घडीपायी होती हे ऐकून मला हसूच आलं.

आईला जेवताना सांगितलं. ती पोळी तोडता तोडता थांबली.

“दोन्ही?”

“हो, दोन्ही.”

“दुखेल?”

“थोडे दिवस.”

“कुणी बोललं का तुला इथे? ऑफिसात?”

“नाही गं. इथे कुणी असं तोंडावर बोलत नाही.”

“मग?”

“मलाच वाटलं.”

तिने मान हलवली आणि आमटी वाढायला घेतली. पुढे काही विचारलं नाही. माझ्या कानांच्या लाजेतून सुटली बिचारी, असं मला वाटलं. त्या वेळी मी तिच्या गप्प बसण्याचा इतका चुकीचा अर्थ लावला होता, हे कळायला आणखी काही दिवस लागायचे होते.

ऑपरेशन जागेपणीच झालं, फक्त कान बधिर करून. वेदना मुळीच नव्हती, पण आवाज होता. कानाचंच काम चाललेलं असल्यामुळे तो आवाज बाहेरून येत नव्हता, डोक्याच्या आतून येत होता. कच्ची कैरी किसावी तसा. सर्जन आणि त्याची मदतनीस शाळांच्या हाफ टर्मच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुठे जायचं यावर बोलत होते. समुद्रकिनारी जावं की नको, पाऊस पडला तर काय, अशी चर्चा माझ्या डाव्या कानाकडून उजव्या कानाकडे सरकली, आणि ती संपायच्या आत माझं ऑपरेशन संपलं होतं. डोक्याभोवती पांढऱ्या पट्टीचे वेढेच्या वेढे घेऊन टॅक्सीतून घरी आलो. अनघाने दार उघडलं आणि ओठ दाताखाली दाबले. “हस,” मी म्हटलं. “मला हसता येत नाही, ओढ बसते. निदान तू तरी हस.”

पहिले दोन-तीन दिवस ठणक्यातच गेले. नंतर उरलं ते नुसतं बसून राहणं. केस धुवायचे नाहीत, खाली वाकायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. पाठीमागे उशांचा ढीग रचून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं.

आठवड्याच्या मधल्या दिवशी घर कसं असतं हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. अनघा सकाळी कामावर जाई. त्यानंतर रस्त्यावरून मुलं शाळेत जात, मग पोस्टमन येई आणि दाराच्या फटीतून पत्रं पायपुसण्यावर पडत. अकराच्या सुमाराला ऊन पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जाई, आणि आई विणकाम घेऊन त्याच्यामागोमाग खुर्ची सरकवत जाई. पट्टीतून सगळे आवाज दबून, लांबून आल्यासारखे येत. कुकरच्या शिट्टीत धार उरली नव्हती. मागच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडावरून फळ पडलं तर ते पडताना दिसे, आवाज येत नसे. आई माझ्याशी बोलायला समोर येऊन उभी राही, कारण मागून मारलेली हाक मला कळत नसे. त्यामुळे त्या दिवसांत मी तिचा चेहरा जितका पाहिला तितका आधीच्या दहा वर्षांत पाहिला नसेन. डाव्या भुवईत पांढरा केस आला होता. बोलायच्या आधी ती किंचित ओठ मुडपायची. ही सवय नवी होती की जुनी, मला सांगता येईना.

शेजारच्या मॉरीनबाई कुंपणावरून डोकावल्या. सत्तरीच्या, एकट्याच राहायच्या. माझी पट्टी पाहून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि आईला विचारलं, अपघात झाला का? आई नागपुरात महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, पाचवी ते सातवीला इंग्रजीसुद्धा शिकवायची. पण इथे आल्यापासून दुकानात ‘थँक्यू’च्या पुढे तिने एक शब्द उच्चारला नव्हता. माझं इंग्रजी वहीतलं आहे, म्हणायची. तिने थोडा विचार करून कुंपणापलीकडे दोनच शब्द टाकले, “ऑपरेशन. ब्यूटी.” मॉरीनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि संध्याकाळी ॲपल क्रंबल, म्हणजे सफरचंदाचं भाजलेलं गोडधोड, आणून दिलं. आईने ते चाखून, “यात वेलदोडा हवा होता,” असा निकाल दिला आणि अर्ध्याहून अधिक संपवलं.

एका निरभ्र सकाळी आईने मला हाताला धरून अंगणात नेलं. ती वर बोट दाखवत होती. आमच्या छपरांच्या रांगेवरून एक हॉट एअर बलून चालला होता, इतक्या खालून की टोपलीतली माणसं हात हलवताना दिसत होती. ब्रिस्टलला हे नवीन नाही. आईला मात्र भारी नवल वाटलं. “स्टोव्हसारखा आवाज करतोय बघ,” ती म्हणाली. मला तो आवाज आला नाही. आईनेच मग तोंडाने फर्रर्र करून दाखवला. साठी ओलांडलेली माझी आई, अंगणात शाल पांघरून, तोंडाने स्टोव्हचा आवाज काढत उभी होती.

दुपारी मला सोफ्यावर डुलकी लागायची. अशाच एका दुपारी जाग आली तेव्हा माझं डोकं कुणीतरी धरून ठेवलेलं होतं. आई सोफ्याच्या हातावर बसली होती, तिचे दोन्ही तळवे माझ्या गालांशी.

“काय करतेस?”

“कुशीवर वळत होतास. दोनदा सरळ केलं, पुन्हा वळलास. म्हटलं बसावं धरून.”

“किती वेळ?”

“बराच. राहू दे. सवय आहे मला. तेव्हाही अशीच बसायचे.”

“तेव्हा म्हणजे?”

तिने हात काढून मांडीवर घेतले. ओठ मुडपले. मग बोलायला लागली, तेही वर्गात धडा सांगावा तसं, आवाज न चढवता.

“तू झालास तो मे महिना. तुझी आत्या होती बाळंतपणाला. न्हाऊ-माखू घालायला बाई यायची, ती तुझं डोकं गोल करायची, नाक ओढायची, आणि जाताना टोपडं घट्ट बांधायची. सांगायची, बाई, सव्वा महिना हे सोडायचं नाही, याचे कान सैल आहेत. पण तुझ्या डोक्यावर घामोळं उठलं रे. एवढं, की केसांत बोट घालायला जागा नव्हती. रात्रंदिवस रडायचास. एका दुपारी मी टोपडं काढून टाकलं. वाळ्याच्या ताटीसमोर तुला घेऊन बसले. अर्ध्या तासात झोपलास. मग बांधलंच नाही मी.”

“बरं मग?”

“मग काय. सहाव्या महिन्यात दिसायला लागलं. वन्सं म्हणाल्या, आईने टोपडं बांधलं नाही म्हणून पोराचे कान असे झाले. पहिल्या वाढदिवसाला आलेल्यांना सांगितलं, मुंजीला आलेल्यांना सांगितलं. तुझ्या लग्नातही विहीणबाईंना सांगत होत्या. मी टोपी घालायचे तुला नंतर. कुणाची नजर कानावर गेली की बोलणं माझ्यावर यायचं. उशीर झाला होता तरी घालायचे.”

“बाबा काही म्हणायचे नाहीत?”

“ते म्हणायचे, सोड गं. त्यांना सोडता यायचं. त्यांनी कुठे टोपडं काढलं होतं?”

गच्चीवरचा तो फोटो डोळ्यांपुढे होता. मी तीस वर्षं जी लाज समजत होतो ती माझी नव्हती, माझ्याबद्दलचीही नव्हती. एका बाईने एका दुपारी आपल्या पोराला झोप लागावी म्हणून एक नाडी सोडली होती, आणि माझे कान म्हणजे त्या गोष्टीचा सगळ्या गावाला दिसणारा पुरावा होता. आता मी ते कापून शिवून घेतले, तेव्हा तिला काय वाटलं असेल? पोराने अखेर तक्रार केली, असंच ना?

“आई, मी तुझ्यामुळे नाही केलं हे ऑपरेशन.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “चहा टाकू?”

माणसाच्या शरीराचं एक विचित्र असतं. ते आपलं म्हणून आपण मिरवतो किंवा लपवतो, पण त्याच्यावर इतरांच्याही आठवणी राहत असतात. माझ्या कानांवर माझ्यापेक्षा आईचा मुक्काम जास्त होता. मला ते फक्त आरशात दिसायचे.

पट्टी काढायच्या दिवशी आई म्हणाली, मीही येते. क्लिनिकला जायला बस लागे. संपूर्ण वाटेत ती खिडकीबाहेर पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. रामरक्षा म्हणत असेल असं मला वाटलं.

नर्स वेल्सकडची होती, गोल चेहऱ्याची, हात हलका. तिने एकेक वेढा उलगडला. ऑक्टोबरातली हवा कानांना लागली आणि आवाज एकदम घरात आल्यासारखे आले. कात्रीचा, पाण्याच्या नळाचा, माझ्याच श्वासाचा. तिने टाके पाहिले, कापसाने पुसलं, झकास आहे म्हणाली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई उठून उभी राहिली आणि तिने इंग्रजीत विचारलं, “सिस्टर, त्याच्या जन्मानंतर मी त्याच्या डोक्याला टोपडं बांधलं असतं, तर त्याचे कान सरळ झाले असते का?”

वाक्य अगदी बिनचूक होतं. सहावीच्या व्याकरणात फळ्यावर लिहावं तसं, जर-तरसकट. बसमध्ये ती हेच घोकत होती.

नर्सने हातमोजे काढले. तिने हसण्यावारी नेलं नाही, याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. ती आईसमोर गेली आणि सावकाश, आईला कळेल अशा बेताने बोलली. जन्मल्यावर थोडे दिवस बाळाचा कान फार मऊ असतो. त्या वेळी त्याला नीट आकार देऊन पट्टी लावून ठेवली, तर कदाचित फरक पडतो. काही डॉक्टर तसं करतात. नुसत्या कापडाच्या टोपीने पडेल असं तिला वाटत नव्हतं. पण खात्रीने ती सांगू शकत नव्हती. “तुम्ही का नाही बांधलीत?” तिने विचारलं.

आईला ‘घामोळं’चं इंग्रजी येईना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं.

“मग मीही काढली असती,” नर्स म्हणाली, आणि पट्टीचे तुकडे गोळा करायला लागली.

परतताना बस चढावर हळू झाली होती. रस्त्याकडेच्या झाडांची पानं काचेला येऊन चिकटत होती. मला आईला काहीतरी धीराचं सांगायचं होतं, की बघ, तुझी काहीच चूक नव्हती, वगैरे. त्याआधी तीच म्हणाली, “कदाचित म्हणाली ना ती? परहॅप्स?”

“हो. पण टोपीने नाही, असंही—”

“ऐकलं मी. कदाचित म्हणाली.” तिने शालीचं टोक नीट केलं. “इतक्या वर्षांत कुणी कदाचित म्हटलं नव्हतं रे. वन्सं म्हणायच्या, तुझ्यामुळेच. तुझे बाबा म्हणायचे, छे, तुझ्यामुळे मुळीच नाही. दोघांनाही माहीत नव्हतं.”

मी तिला समजावायचं ते तिथेच सोडून दिलं.

पुढचे काही आठवडे झोपताना टेनिसवाले लावतात तसला पट्टा कानांवर लावायचा होता. ऑफिसला परत गेलो तेव्हा मी मान खाली घालून शिरलो. कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस दुपारी म्हणाला, केस कापलेस का, छान दिसतायत. इतकंच. आपल्या ज्या गोष्टीपायी आपण तीस वर्षं दारं लावून बसतो, तिच्याकडे बहुतेक कुणी पाहतही नसतं. हे कळून मला बरं वाटलं की वाईट, हे मी अजून ठरवतो आहे. आईने मात्र रोज पाहिलं. एकदा समोर बसवून, चष्मा लावून, दोन्ही बाजूंनी निरखलं आणि म्हणाली, “छान झालेत. दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतात.” त्यात टोमणा नव्हता. खरोखरच ते थोडे दिवस कुणाचे तरी होते.

हिवाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास मागे गेली, चारलाच अंधारायला लागलं, आणि दिवाळी आली. अनघाने कामावरून लवकर येऊन खिडकीत पणत्या मांडल्या. आईने चकल्या केल्या, त्यातल्या थोड्या मॉरीनबाईंकडे गेल्या. पुढचे घाणे चालू असतानाच आम्ही फोनकार्डावरचा लांबलचक नंबर दाबून नागपूरला आत्याला फोन लावला. आवाज सगळ्यांना यावा म्हणून स्पीकरवर ठेवला. आत्या तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होती, पण आवाज खणखणीत. तिने आमची सगळ्यांची विचारपूस केली, अनघाला पुरणाबद्दल चार गोष्टी ऐकवल्या, आणि मग म्हणाली, “काहून रे मिलिंद, कान कापून घेतलेस म्हणे?”

“कापले नाहीत आत्या. बसवले.”

“काय मेला खटाटोप. तेव्हा तुझ्या आईने सव्वा महिना टोपडं बांधलं असतं तर—”

अनघाने फोनकडे हात नेला. आईने तिचा हात मध्येच धरला. तळणाचा झारा अजून दुसऱ्या हातातच होता. ती टेबलाशी आली आणि फोनवर वाकली.

“वन्सं, मी बोलतेय,” ती म्हणाली. “बांधलं असतं तर कदाचित झाले असते सरळ. मी इथल्या नर्सला विचारलं.”

तिने अनघाचा हात सोडून झारा त्या हातात घेतला.

“पण घामोळं उठलं होतं त्याला. रडून रडून निळा व्हायचा. मी काढलं टोपडं, आणि तो झोपला,” आई म्हणाली. “बरं केलं मी.”

मग तिने आत्याला दिवाळीचा नमस्कार सांगितला, तब्येतीला जपा म्हणाली, आणि कढईतली चकली करपायच्या आत उलटायला स्वयंपाकघरात गेली.